कायदा शिकणे आणि कायदा शोधणे

वडील गेले की वारसनोंदीचा विषय निघतो. सातबाऱ्यावर मुलांबरोबर मुलींचीही नावे लागतात आणि काही दिवसांनी बहिणींना निरोप जातो, ‘एकदा येऊन सही करून जा.’ सातारा-सांगलीकडच्या वाचकाला यापुढचे सांगावे लागत नाही. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात हक्कसोडपत्र नोंदवले जाते, फेरफार होतो, बहिणीचे नाव उतरते. तिला साडीचोळी होते आणि माहेर शाबूत राहते.

कायद्याचे पुस्तक मात्र वेगळे बोलते. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा हक्क देशभर आणि विवाहित-अविवाहित असा भेद न करता दिला. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याला एवढे पुरते. पण त्याच्याच घरातल्या आत्याने सही का केली, याचे उत्तर या कलमांत नाही. हक्कसोडपत्र बेकायदेशीर नाही, ते स्वखुशीने केलेले असले म्हणजे झाले. प्रश्न आहे तो ‘स्वखुशी’ या शब्दाचा.

म्हणजे कायद्याचा अभ्यास दोन प्रकारचा असतो. नियम काय आहे हे जाणून घेणे हा पहिला. तो नियम कुठून आला, कसा बदलला आणि माणसे प्रत्यक्षात काय करतात हे शोधणे हा दुसरा. पहिल्याला आपण शिक्षण म्हणतो, दुसऱ्याला संशोधन. हे दुसरे काम परदेशी विद्यापीठांतच चालते अशी आपली समजूत असते. ते आपल्याच सातारा जिल्ह्यात, वाईला, शंभर वर्षांपूर्वी सुरू झाले होते.

त्या कामाचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने ठरवले की वारसा, विवाह अशा बाबतींत हिंदूंना शास्त्राप्रमाणे आणि मुसलमानांना कुराणाप्रमाणे न्याय द्यावा. शास्त्र सांगायला न्यायालयात पंडित नेमले गेले. दख्खनमध्ये एल्फिन्स्टनच्या सांगण्यावरून आर्थर स्टील याने शास्त्री आणि निरनिराळ्या जातींचे जाणते यांच्याकडून रूढी विचारून घेतल्या. त्याचा ग्रंथ १८२७ मध्ये निघाला. हेतू वाईट नव्हता. पण जी रूढी तोंडी होती, गावागणिक वेगळी होती आणि पिढीगणिक सरकत होती, ती एकदा छापली की ‘अशीच असते’ असे ठरून जाते. १८६४ मध्ये न्यायालयातले पंडित बंद झाले. त्यानंतर न्यायाधीशांसमोर उरली ती मोजक्या ग्रंथांची इंग्रजी भाषांतरे आणि आधीचे निकाल. वाहते पाणी साठवले गेले आणि त्यालाच नदी म्हणण्याचा प्रघात पडला.

कृष्णाकाठच्या वाईत नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढे संन्यास घेतलेले केवलानंद सरस्वती, यांनी १९१६ मध्ये प्राज्ञपाठशाळा उभी केली. ‘धर्मकोश’ हे तिथले मोठे काम. त्याचे संपादन त्यांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी केले. या कोशाचे पहिले कांड कोणते निघाले, तर व्यवहारकांड. इथे ‘व्यवहार’ म्हणजे न्यायालयीन व्यवहार : फिर्याद, साक्ष, लेख, ऋण, दायविभाग. १९३७, १९३८ आणि १९४१ या वर्षांत त्याचे तीन भाग प्रसिद्ध झाले.

कोशाची रीत साधी आणि कष्टाची होती. एक विषय घ्यायचा. त्यावर वेद, धर्मसूत्रे, महाभारत, कौटिलीय अर्थशास्त्र, स्मृती यांत जे जे आले असेल ते क्रमाने मांडायचे. पाठभेद नोंदवायचे. पुढे टीकाकारांनी आणि निबंधकारांनी त्याच वचनाचे काय अर्थ केले, तेही द्यायचे. आपले मत कोशात घालायचे नाही. पण वचने अशी शेजारी शेजारी आली की ‘शास्त्र असे सांगते’ हे एकवचनी वाक्य टिकत नाही.

स्त्रीच्या वारशाचेच पाहा. बौधायन श्रुतीचा आधार देऊन स्त्रियांना वारशाबाहेर ठेवतो. याज्ञवल्क्य निपुत्रिकाच्या वारसांत पहिली पत्नी सांगतो आणि तिच्यानंतर मुली. नारद पुन्हा मागे सरकून विधवेला केवळ पोटगीपुरती मानतो. मनू आणि याज्ञवल्क्य अविवाहित बहिणीसाठी भावांनी आपल्या वाट्यातून चौथा हिस्सा द्यावा असे म्हणतात. बाराव्या शतकाच्या सुमारास मिताक्षराकार विज्ञानेश्वर तर स्त्रीला वारशाने, खरेदीने किंवा वाटणीने मिळालेली मिळकतही स्त्रीधनातच धरतो. इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनी मात्र, मुंबई इलाख्यातील काही वारस स्त्रियांचा अपवाद ठेवून, वारशाने आलेल्या मिळकतीवर स्त्रीची मालकी हयातीपुरती आणि मर्यादित ठरवली. ती पूर्ण मालकी झाली १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने. म्हणजे शास्त्राच्या नावावर जी सक्ती खपवली गेली, तिचा काही भाग शास्त्रापेक्षाही कडक होता. हे दिसते ते क्रमाने मांडल्यावरच.

याच कृष्णेच्या खालच्या अंगाला सांगलीजवळ हरिपूर आहे, नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे गाव. त्यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आले. म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या हातून शारदा सुटते, पण ती लहान आहे म्हणून नव्हे, तर वधूवर सगोत्र निघतात म्हणून. मुलीच्या लग्नाचे किमान वय ठरवणारा कायदा तेव्हा नव्हता. तो १९२९ मध्ये आला. म्हणून देवलांना शास्त्रातलीच एक अडचण शोधून मुलगी सोडवावी लागली. आणि सगोत्र विवाहाची ती आडकाठी स्वतः १९४६ च्या कायद्याने दूर झाली. ज्या नियमाने शारदा वाचली तो गेला, आणि जो नियम तिला हवा होता तो आला. कायदा हलतो याचे याहून सोपे उदाहरण सापडणार नाही.

वाईच्या अभ्यासाने प्रत्यक्षात काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. १६ जून १९३३ रोजी पुण्यात देवदास गांधी आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचा विवाह झाला. वर वैश्य, वधू ब्राह्मण, म्हणजे जुन्या परिभाषेत प्रतिलोम. न्यायालये असा विवाह अवैध मानत. त्याचे पौरोहित्य तर्कतीर्थांनी केले. भिन्न जातींतील हिंदूंचे विवाह वैध ठरवणारा कायदा १९४९ मध्ये झाला, सोळा वर्षांनंतर. परंपरेचा इतिहास ज्याला ठाऊक असतो, तो परंपरेच्या नावाने घाबरत नाही.

या लग्नातला वर जन्मला होता दक्षिण आफ्रिकेत, नाताळमधील डर्बनला. आणि आपल्याकडे स्टीलच्या ग्रंथाने जे घडले, त्याचे अधिक कठोर रूप त्याच नाताळमध्ये घडले होते. तिथल्या आफ्रिकी लोकांच्या रूढी वसाहत सरकारने संहितेत बांधल्या आणि १८९१ मध्ये त्या संहितेला कायद्याचे बळ दिले. तिने स्त्रीला आयुष्यभर अज्ञान, म्हणजे कोणाच्या तरी पालकत्वाखालची, ठरवले. १९२७ च्या कायद्याने कृष्णवर्णीयांच्या वारशासाठी थोरल्या पुरुष वारसाचा नियम देशभर पक्का केला.

वर्णद्वेषी राजवट संपल्यावर आलेल्या १९९६ च्या राज्यघटनेने कलम २११ मध्ये न्यायालयांना रूढीकायदा लावायला सांगितले, पण घटनेच्या अधीन राहून. मग प्रश्न आला : कोणती रूढी? संहितेतली की लोक आज पाळतात ती? तिथले अभ्यासक पहिलीला ‘सरकारी’ आणि दुसरीला ‘जिवंत’ रूढीकायदा म्हणतात. केपटाऊन विद्यापीठासारख्या ठिकाणी, जिथे कायद्याचे अध्यापन १८५९ पासून चालत आले आहे, हा संशोधनाचा मोठा विषय आहे. तिथे एलएल.एम. वर्गांतील अभ्यासाने करता येते किंवा केवळ प्रबंध लिहूनही. पीएच.डी. तर सर्वस्वी प्रबंधावरच असते. विद्यार्थ्याची कसोटी ही, की कायद्याविषयी आधी ठाऊक नसलेले असे तू काय दाखवून दिलेस?

हे केवळ पुस्तकी नाही. केपटाऊनच्या खायेलित्शा वस्तीत दोन लहान मुलींचे वडील वारले. थोरल्या पुरुषाच्या नियमाने वारस ठरले मुलींचे आजोबा, आणि अंत्यविधीचा खर्च भागवायला ते घर विकायला निघाले. मुलींची आई न्यायालयात गेली. ऑक्टोबर २००४ मध्ये घटना न्यायालयाने भे खटल्यात तो नियम रद्द केला. बहुमताचा एक मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे. जिवंत रूढी बदलली असल्याचे दिसत असले, तरी ती नेमकी काय आहे हे ठरवण्याइतका पुरावा समोर नव्हता. म्हणून रूढीत दुरुस्ती करण्याऐवजी तिच्या जागी सर्वसाधारण वारसा कायदा लावला गेला. संशोधन अपुरे असले की न्यायालयाचे हात असे बांधले जातात. पुढे २००८ मध्ये लिम्पोपो प्रांतातील वलोयी समाजाने स्त्रीला प्रमुखपद देण्याचा घेतलेला निर्णय त्याच न्यायालयाने उचलून धरला. रूढी बदलण्याचा हक्क ती पाळणाऱ्या समाजालाही आहे, हे त्यातून प्रस्थापित झाले.

आता पुन्हा आपल्या हक्कसोडपत्राकडे येऊ. साताऱ्यात आणि सांगलीत विधी महाविद्यालये आहेत. तिथली एखादी विद्यार्थिनी एक गाव घेऊ शकते. १९९४ पूर्वीचे, १९९४ ते २००५ मधले आणि २००५ नंतरचे फेरफार तिने क्रमाने लावावेत, वाईच्या शास्त्र्यांनी वचने लावली तसे. किती नावे उतरली, किती राहिली, मोबदला लिहिला आहे का, जमीन जिरायत की बागायत, हे टिपावे. मग केपटाऊनच्या अभ्यासकांप्रमाणे सही करणाऱ्या बहिणींकडे जावे, आणि भाऊ समोर नसताना विचारावे. काहींनी मनापासून दिले असेल. काहींना दुसरा पर्याय आहे हेच कोणी सांगितले नसेल. काही घरांत भावानेच बहिणीचे नाव राहू दिले असेल, आणि ती नवी रूढी कुठेच नोंदलेली नसेल.

हे काम कलमे पाठ करण्याइतके सोपे नाही. पण दोन्ही वाटांना लागणारे सामान इथेच आहे : जुने ग्रंथ वाईत आणि फेरफार तलाठ्याच्या दप्तरात. पुढच्या भाऊबिजेला ओवाळणीच्या ताटाशी बसलेल्या बहिणीची सही खरोखर स्वखुशीची होती का, हे सांगणारा पुरावा कोणीतरी जमवलेला असावा. तो असेल तरच उद्या तिच्यासाठी न्यायालयाला काही करता येईल.