घरची वाइन (९) : खोक्यातले लिटर

कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. दुकानात त्यांना मर्लो या लाल वाइनच्या किटची, म्हणजे घरी वाइन करायच्या द्राक्षरसाच्या संचाची, तीन खोकी दिसली, तिन्हींची किंमत वेगळी. वाइन मात्र तिन्हींतून २३ लिटरच होणार, म्हणजे ३० बाटल्या. मग मधल्या किमतीचं का घ्यायचं?

ताई, मधलंच घ्या. फक्त खोक्यावरचं द्राक्षाचं चित्र आणि इटलीतल्या डोंगराचं नाव बाजूला ठेवा, आणि आत रस किती लिटर आहे तो आकडा शोधा. तो बहुतेक वेळा एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतो. स्वस्त खोक्यात ६ ते ८, मधल्यात १० ते १४, महागड्यात त्याहून जास्त. २३ लिटरला जे कमी पडतं ते तुमच्या नळाचं पाणी.

आता थोडं गणित. मला हे गणित फार आवडतं, कारण दुकानदार जे सांगत नाही ते यातून कळतं. रसाची घनता हायड्रोमीटरनं मोजतात. सुरुवातीला १.०९० दाखवणाऱ्या रसात लिटरमागे सुमारे २३५ ग्रॅम साखर असते. २३ लिटरला म्हणजे जवळजवळ ५.४ किलो. पाण्यात साखर नाही, तेव्हा ती सगळी खोक्यातूनच यायला हवी. पुरता आटवलेला रस, ज्यात वजनाच्या ६८ टक्के साखर असते, तो लिटरला ९०० ग्रॅम साखर देतो. असा ६ लिटर रस घेतला की ५.४ किलो पुरे होतात. म्हणजे ६ लिटरच्या खोक्यात ताज्या रसाला जागाच उरत नाही. १० लिटरच्या खोक्यात तीच साखर बसवायची तर साधारण साडेचार लिटर आटवलेला आणि साडेपाच लिटर न आटवलेला रस लागतो. १४ लिटरच्यात आटवलेला जेमतेम ३ लिटर, बाकी ११ लिटर साधा रस. किंमत वाढते ती या साध्या रसामुळे. त्या रसातलं पाणीही वाहून आणायचं तर भाडं लागणारच.

हा अंदाज आहे. निर्माते आपलं प्रमाण छापत नाहीत, आणि काही जण रस थोडा घट्ट करून खोकं लहान ठेवतात. पण दोन खोकी शेजारी ठेवून निवड करायला अंदाज पुरतो. एकच अट: घटकांची यादी वाचा. तिथे द्राक्षरसाबरोबर ग्लुकोज किंवा इन्व्हर्ट शुगर दिसली तर माझं गणित मोडलं, आणि ते खोकं मी तरी घेणार नाही.

आटवण्यात एवढं वाईट काय? निर्वात भांड्यात कमी तापमानावर आटवलं तरी पाण्याबरोबर वास उडतो, आणि थंड साठवणीत टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक तळाशी बसतात. आम्ल नंतर घालता येतं, गेलेला वास पूर्ण परत येत नाही. बासुंदीत पाणी घातलं म्हणून दूध परत मिळत नाही.

तरी या आटवलेल्या रसाचा इतिहास मोठा रंगतदार आहे. अमेरिकेत दारूबंदी चालू असताना कॅलिफोर्नियातल्या फ्रूट इंडस्ट्रीज या बागायतदारांच्या संस्थेनं 'व्हाइन-ग्लो' नावानं तो पिंपांत भरून घरोघर पोचवला. कायद्यात घरी फळांचा रस करायला सवलत होती. कंपनीचा माणूस घरी येऊन पिंप लावून द्यायचा आणि साठ दिवसांत वाइन तयार. कंपनीच्या वकील होत्या मेबल वॉकर विलेब्रांट, ज्यांनी १९२१ ते १९२९ सहायक अ‍ॅटर्नी जनरल म्हणून याच दारूबंदीचे खटले चालवले होते! १९३१ मध्ये हा धंदा बंद पडला. आजचं खोकं त्या पिंपाचं वंशज आहे, असं मला नेहमी वाटतं.

तर मर्लो. लाल वाइनचा रंग आणि तोंडाला ओढून धरणारं टॅनिन सालीत असतं, रसात फार थोडं. म्हणून लाल घ्यायची तर लिटरच्या आकड्याबरोबर साली आहेत का ते पाहा. मधल्या किमतीच्या काही किटमध्ये वाळवलेल्या किंवा ओल्या सालींची वेगळी पुडी येते. ती मलमलच्या पिशवीत बांधून पहिल्या आंबवणीत बादलीत सोडायची आणि रोज स्वच्छ पळीनं खाली दाबायची. साली नसलेल्या १४ लिटरपेक्षा साली असलेलं १० लिटर मी घेईन. पांढऱ्या वाइनला साली लागत नाहीत, ती कोवळीच प्यायची असते. त्यामुळे पांढऱ्यासाठी १० लिटरचं खोकं पैसे वसूल करतं. पहिलं किट पांढरं घ्या असं मी सगळ्यांना सांगतो ते यासाठी.

लाल घेतलीत तर सहा महिने धीर ठेवा, वर्षभर ठेवलात तर उत्तम. खोक्यावर चार किंवा सहा आठवडे लिहिलेलं असतं, ते बाटलीत भरण्यापर्यंतचं.

पुण्याहूनही एक विचारणा आहे, किट तिकडे मागवता येईल का. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी वाइन करणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा नको.

आणि ताई, पैसे देण्याआधी तारीख बघा. वर्षाहून जुनं खोकं सवलतीत मिळालं तरी तिथेच ठेवून द्या. रस तपकिरी होतो, पांढरा तर लवकरच. ताजं नसेल तर दुकानदाराला मागवायला सांगा, मागवतात.