विश्लेषण : गाणे तेच, वाद्यवृंद नवा, मग हक्क कोणाचा?

'नागिन'ची धून वाजल्याशिवाय मुंबईतली वरात पुढे सरकत नाही. १९५४ सालचा हा चित्रपट गोरेगावच्या फिल्मिस्तान स्टुडिओचा, संगीत हेमंत कुमार यांचे. त्यातली गाजलेली पुंगी मुळात पुंगी नव्हतीच. कल्याणजी यांनी वाजवलेले क्लॅव्हिओलिन आणि रवी यांची हार्मोनियम यांतून तो आवाज साधला, असे सांगितले जाते. पुढे बँडवाल्यांनी तो ट्रम्पेट-क्लॅरिनेटवर घेतला, बेंजो पार्ट्यांनी बेंजोवर. परदेशात रॉक गाण्यांचे असेच रूपांतर मोठमोठे सिम्फनी वाद्यवृंद करतात. अशा रूपांतरावर हक्क कोणाचा?

वाद्यवृंदीय कव्हर म्हणजे काय?

लोकप्रिय गाणे शब्द वगळून किंवा ठेवून वाद्यवृंदासाठी नव्याने बांधणे. गायकाची चाल व्हायोलिन किंवा ट्रम्पेटकडे जाते, गिटारची खर्जातली धून चेलोकडे, ड्रमचे काम टिंपनीकडे. खरी अडचण शब्द गेल्यावर येते. एकाच चालीची चार कडवी शब्दांमुळे वेगळी वाटतात. शब्द नसले की तीच चाल चारदा ऐकून कंटाळा येतो. म्हणून संयोजक प्रत्येक कडव्याला वाद्य बदलतो, मागे दुसरी चाल गुंफतो, कधी पट्टी वर नेतो. कव्हर जमले की फसले, ते इथेच ठरते.

सुरुवात कुठे झाली?

सप्टेंबर १९६९ मध्ये 'डीप पर्पल' हा रॉक बँड आणि रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंद लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये एकत्र वाजले. ती रचना मात्र नवी होती. जुनी गाजलेली गाणी घेण्याचा धडाका लावला लंडन सिम्फनी वाद्यवृंदाने. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या त्यांच्या 'क्लासिक रॉक' मालिकेत 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'सारखी गाणी होती. १९९६ मध्ये फिनलंडच्या 'अपोकॅलिप्टिका'ने 'मेटॅलिका'ची गाणी फक्त चार चेलोंवर वाजवली, तर १९९९ मध्ये खुद्द 'मेटॅलिका'च सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीसोबत उभी राहिली.

आपल्याकडे ही परंपरा आहे का?

आहे, फक्त तिचे नाव वेगळे. व्हॅन शिपली यांची गिटार आणि पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांचे अकॉर्डियन यांवर निघालेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघरी वाजत. १९५८ मध्ये अँथनी गोन्साल्विस यांनी मुंबईत 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभा करून लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्यासोबत गायला लावले. मराठी माणसाला 'ऑर्केस्ट्रा' म्हटले की आठवतात ते मात्र 'मेलडी मेकर्स'सारखे संच. तिथे सर्वांत मोठी दाद असे, 'अगदी रेकॉर्डसारखे वाजवले!' म्हणजे मान होता तो हुबेहूबपणाला.

कायदा काय सांगतो?

कायद्याचा कलही हुबेहूबपणाकडेच आहे. १९८० च्या दशकात 'टी-सीरिज'ने जुन्या गाण्यांच्या कव्हर कॅसेट स्वस्तात विकल्या, त्या कायद्यातील सवलतीच्या आधारेच. २०१२ च्या दुरुस्तीने ही वाट अरुंद केली. कलम ३१ क नुसार मूळ ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षे थांबावे लागते, हक्कधारकाला आधी सूचना द्यावी लागते आणि दरवर्षी किमान ५० हजार प्रतींचे स्वामित्वधन भरावे लागते. वेष्टनावर 'कव्हर' असे लिहिणे बंधनकारक आहे. मुख्य अट अशी की, आधी परवानगीने झालेला किंवा तांत्रिकदृष्ट्या आवश्यक असलेला बदल सोडून चाल वा शब्द बदलता येत नाहीत. शिवाय संगीतरचनेची नवी मांडणी कायद्याच्या व्याख्येत 'रूपांतर' ठरते आणि रूपांतराचा हक्क मूळ हक्कधारकाचा. थोडक्यात, नक्कल करणाऱ्याला कायद्याने वाट ठेवली आहे; कल्पकतेने नवी बांधणी करणाऱ्याला परवानगी मागणे हाच सुरक्षित मार्ग.

जुने गाणे तरी मोकळे असते का?

इथे अनेकांची गल्लत होते. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, चालीवरचा मात्र संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी. १९५४ मध्ये प्रकाशित ध्वनिमुद्रणाची मुदत २०१४ अखेर संपली. हेमंत कुमार १९८९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चाली २०४९ अखेरपर्यंत संरक्षित आहेत.

मग वरातीतल्या बँडचे काय?

कलम ५२ मधील अपवादानुसार लग्नाची मिरवणूक आणि लग्नाशी निगडित समारंभांत गाणे वाजवणे हा हक्कभंग नाही. तिकीट लावलेल्या कार्यक्रमाला ही सवलत नाही. तिथे परवाना लागतो.

संयोजकाच्या पदरात काय पडते?

बहुतेकदा ठरलेले मानधन. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागचे सेबॅस्टियन डिसूझा किंवा मराठी-हिंदीत काम केलेले अनिल मोहिले ही नावे जाणकारांना ठाऊक. सामान्य श्रोत्याला आठवतो तो गायक आणि फार तर संगीतकार. वाद्यवृंदीय कव्हरमध्ये तर चाल आधीचीच असते, नवे असते ते केवळ संयोजकाचे काम. त्यामुळे असे ध्वनिमुद्रण करू पाहणाऱ्या संचाने दोन गोष्टी लेखी करून घ्याव्यात : चालीच्या हक्कधारकाची परवानगी, आणि संयोजकाचे नाव व त्याचा वाटा. दुसरी गोष्ट कायदा आपणहून मिळवून देत नाही. ती करारातच लिहावी लागते.