अपग्रेड चालू असताना लाइन गेली तर?

समजा, यवतमाळात पावसाळी वादळ सुटलं, लाइन गेली आणि तुमच्या डेस्कटॉपवर उबंटू २२.०४ चं २४.०४ होता होता अर्ध्यातच थांबलं. आता नुसती काळी स्क्रीन दिसतेय आणि आत प्रयोगांचा सगळा डेटा आहे. कोणीतरी लगेच म्हणेल, "फॉरमॅट मारा." थांबा!

अपग्रेडमध्ये प्रत्येक पॅकेजची दोन मुख्य कामं असतात: आधी फाइली उलगडणं, मग कॉन्फिगर करणं. कोणतं पॅकेज कुठवर आलं, याची नोंद डीपीकेजी हा प्रोग्राम डिस्कवर ठेवत जातो. म्हणूनच राहिलेलं काम तिथूनच पुढे नेता येतं. तुमचा डेटा होम फोल्डरमध्ये असतो, अपग्रेड सहसा त्याला हात लावत नाही. फॉरमॅट मात्र तो पुसून टाकतो.

क्रम असा ठेवा:

१. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा. त्यावरून मशीन सुरू करून 'ट्राय उबंटू' निवडा आणि होम फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा. 'इन्स्टॉल' दाबू नका.

२. पेनड्राइव्ह काढून मशीन सुरू करा. ग्रब मेनूतल्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून रिकव्हरी मोडमध्ये जा. नवा कर्नल अडकला, तर जुना निवडून बघा.

३. तिथला 'डीपीकेजी' पर्याय अर्धवट पॅकेजेस पूर्ण करायचा प्रयत्न करतो. इंटरनेट लागू शकतं.

एवढं करूनही जमलं नाही, तर खुशाल नव्याने इन्स्टॉल करा. पहिली पायरी झालेली असेल, तर संशोधनाचं काही बुडणार नाही.