कानाला कळणारा आकडा

पाच मोठे चमचे डिझेल. स्पेनमधल्या अल्मेरियाच्या हरितगृहात पिकलेला एक मध्यम टोमॅटो स्कँडिनेव्हियातल्या दुकानात पोचेपर्यंत त्याच्यामागे एवढं इंधन जळतं, असा हिशेब वाक्लाव स्मिल यांनी ‘हाउ द वर्ल्ड रिअली वर्क्स’ या 2022 च्या पुस्तकात मांडला आहे. इअरफोन लावून हे पुस्तक ऐकत कोशिंबिरीसाठी टोमॅटो चिरणाऱ्याचा हात या वाक्यावर थांबतोच. फोडींवर डिझेल ओतल्याचं चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं आणि पुढे कितीतरी दिवस मंडईत गेल्यावरही ते आठवतं.

त्याच पुस्तकात अमोनिया, पोलाद, सिमेंट आणि प्लॅस्टिक या चार वस्तूंवर आजचं जग कसं उभं आहे, हेही येतं. विषय जबरदस्त, स्मिल यांचा अभ्यास दांडगा. पण तिथे टन, जूल आणि टक्के एकामागून एक येत राहतात आणि ऐकणाऱ्याचं लक्ष कधी उडालं, ते त्यालाही कळत नाही. छापील पानावर नजर दोन ओळी मागे जाते आणि काम भागतं. ऐकताना मात्र ओल्या हाताने फोन उचलायचा, तीस सेकंद मागे जायचं, पुन्हा तेच ऐकायचं. तक्ते आणि आलेख असले, तर पुस्तकासोबत वेगळी पीडीएफ मिळते. पण गाडी चालवताना किंवा लोकलच्या दारात लटकताना ती उघडणार कोण?

तंत्रज्ञान, ऊर्जा आणि उद्योगावरच्या पुस्तकांची खरी परीक्षा इथे होते. लेखकाने आकड्याला चमच्यात बसवलं की तो कानातून मनात उतरतो. नुसता आकडा ठेवला की तो वाऱ्यावर जातो.

बोलत्या पुस्तकांच्या जगात कथा-कादंबऱ्या सुरुवातीपासून आहेत. ब्रिटनमध्ये 1935 साली अंध व्यक्तींसाठी ध्वनिमुद्रिकांवर पुस्तकं आली, तेव्हा पहिल्या पुस्तकांमध्ये अगाथा ख्रिस्ती आणि जोसेफ कॉनरॅड होते. पत्रकार डॉन कॅट्झ यांनी अमेरिकेत 1995 मध्ये ‘ऑडिबल’ ही बोलत्या पुस्तकांची कंपनी काढली, 2008 मध्ये ती ॲमेझॉनने घेतली. भारतात ‘स्टोरीटेल’ 2017 मध्ये आणि ‘ऑडिबल’ 2018 मध्ये आली. कथा ऐकायला कान पिढ्यानपिढ्या तयारच असतात. धातू, वायू आणि ताळेबंद यांच्यासाठी मात्र लेखकाला कान तयार करावे लागतात.

क्रिस मिलर यांचं सेमीकंडक्टर चिपच्या उद्योगावरचं ‘चिप वॉर’ हे काम फार सुरेख करतं. साडेबारा तासांचं हे पुस्तक पुण्या-मुंबईच्या दोन फेऱ्यांत संपतं. नेदरलँड्समधल्या एएसएमएल या कंपनीचं यंत्र चिपवर रेषा कोरण्यासाठी प्रकाश कसा तयार करतं, हा भाग श्वास रोखून ऐकावा असा आहे. केसापेक्षाही बारीक असा कथिलाचा थेंब ताशी सुमारे 320 किलोमीटर वेगाने झेपावतो. लेझरचा एक फटका त्याला तापवतो, दुसरा त्याचा प्लाझ्मा करतो आणि त्यातून हवा तो प्रकाश निघतो. हे सगळं एका सेकंदात 50,000 वेळा. तो लेझर बनवणाऱ्या जर्मन कंपनीला त्यात नेमके 4,57,329 भाग बसवावे लागले, असं निवेदक वाचतो. छापील पानावर ही संख्या डोळा ओलांडून जातो. इथे मात्र शेवटच्या आकड्यापर्यंत ती ऐकावीच लागते आणि ऐकता ऐकताच त्या कामाचं ओझं कळतं. कोरडा आकडासुद्धा योग्य जागी आला तर कान तो स्वीकारतात, हे इथे पटतं.

नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण होतं, उत्तररंगात आख्यान लागतं. आधी तत्त्व, मग तेच एखाद्या माणसाच्या गोष्टीतून. ऐकायला उत्तम ठरलेली उद्योगविषयक पुस्तकं याच वाटेने जातात, फक्त बऱ्याचदा आख्यान आधी आणि निरूपण नंतर. डॅनियल येरगिन यांचं ‘द प्राइज’ हा तेलाचा प्रचंड इतिहास आहे. 1992 मध्ये त्याला पुलित्झर मिळालं. पण तो सुरू होतो चर्चिल यांच्यापासून. घरचा वेल्समधला कोळसा सोडून आरमार तेलावर न्यायचं, म्हणजे ब्रिटनची सुरक्षा दूरच्या इराणवर सोपवायची. या पेचात सापडलेला माणूस दिसला, की पुढचं बॅरलचं आणि भावांचं राजकारण जड जात नाही.

तरीही काही विषय कानाची परीक्षा पाहतात. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीवरचं बेथनी मॅक्लीन आणि पीटर एल्किंड यांचं ‘द स्मार्टेस्ट गाइज इन द रूम’ हे अतिशय मोलाचं पुस्तक. पण कर्ज आणि तोटे ताळेबंदाबाहेर ठेवण्यासाठी वापरलेल्या जेडाय, च्युको, एलजेएम, रॅप्टर अशा संस्थांची जंत्री ऐकताना गोंधळ होतोच. कुणी कुणाला काय विकलं, हे समजून घ्यायला कागद-पेन्सिल लागते. या पुस्तकाची छापील प्रत शेजारी असावीच.

महाराष्ट्रातल्या श्रोत्याचे कान मात्र याच पुस्तकात टवकारतात, कारण त्यात एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प आहे. कंपनीच्या ह्यूस्टनमधल्या बैठकांची गोष्ट ऐकता ऐकता गुहागर तालुका येतो. 1995 मध्ये शिवसेना-भाजप युती सरकारने रद्द केलेला आणि नंतर नव्या अटींवर पुन्हा स्वीकारलेला करार, 1999 मध्ये सुरू झालेला 740 मेगावॉटचा पहिला टप्पा, वीज मंडळाला न परवडलेली वीज, 2001 मध्ये बंद पडलेला प्रकल्प आणि त्याच वर्षी 2 डिसेंबरला दिवाळखोरीत गेलेली कंपनी. अमेरिकी पुस्तकात दाभोळ हे एका कंपनीच्या घसरणीतलं एक प्रकरण आहे. कोकणात ती जमिनीची, मासेमारीची आणि वीजबिलाची गोष्ट होती. 1997 च्या जूनमध्ये प्रकल्पाजवळच्या वेलदूरच्या वस्तीत पोलीस घुसले आणि मच्छीमार बायकांना मारहाण झाली, हे ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेच्या 1999 च्या अहवालात नोंदलेलं आहे.

ही बाजू मराठीत, मराठी आवाजात ऐकायला मिळायला हवी. मराठीला या विषयांचं वावडं मुळीच नाही. गिरीश कुबेर यांनी ‘हा तेल नावाचा इतिहास आहे’ लिहिलं. सौदीचे माजी तेलमंत्री यामानी यांच्यावरचं ‘एका तेलियाने’ लिहिलं. तेलासारखा विषय मराठीत गोष्टीसारखा सांगता येतो, हे या पुस्तकांनी दाखवून दिलं आहे. दाभोळचं आख्यान सांगायचं, तर युनिटचा दर घरच्या बिलात बसवून सांगणारा लेखक हवा, आणि वेलदूर, अंजनवेल, रानवी ही गावं न अडखळता, तिथल्या माणसांसारखी उच्चारणारा निवेदक.