कमी बजेटमध्ये गेमिंगसाठी ग्राफिक्स कार्ड निवडताना

दर वर्षी नवे सेमिस्टर सुरू झाले की तास संपल्यावर दोघे-तिघे टेबलाजवळ थांबतात. शंका अभ्यासाची नसते. "सर, पंधरा हजार जमले आहेत, कोणते कार्ड घेऊ?" मी कार्डाचे नाव सांगत नाही. आधी तीन गोष्टी विचारतो : पीसीचा एसएमपीएस कोणता, प्रोसेसर कोणता, आणि मॉनिटर किती पिक्सेलचा? बहुतेकांना यातली एकच सांगता येते. बाकीची दोन उत्तरे घरी जाऊन, कॅबिनेट उघडून आणायला सांगतो. तुम्हीही हा लेख वाचण्याआधी ती लिहून ठेवा, कारण पुढे आकडेमोड आहे.

आमच्या बंगळुरूत संगणकाच्या सुट्या भागांचा बाजार म्हणजे टाउन हॉलजवळचा एस. पी. रोड. मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस. तिन्हीकडे काउंटरवरचा पहिला प्रश्न सारखाच असतो : "किती जीबीचे हवे?" गोंधळ इथूनच सुरू होतो. कार्डावरची मेमरी किती, यापेक्षा ती किती वेगाने वाचता येते, हे स्वस्त कार्डांच्या बाबतीत बहुधा जास्त महत्त्वाचे असते.

जीबी नव्हे, बँडविड्थ

मेमरीची बँडविड्थ काढायचे सूत्र सोपे आहे. मेमरी बसची रुंदी बिटमध्ये घ्या, तिला प्रत्येक तारेवरच्या डेटा दराने, म्हणजे गीगाबिट प्रति सेकंदाने, गुणा आणि ८ ने भागा. उत्तर गीगाबाइट प्रति सेकंदात येते.

एनव्हिडियाचे जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये आले. २ जीबी जीडीडीआर५ मेमरी, ६४ बिटची बस, दर ६ गीगाबिट. म्हणजे ६४ × ६ ÷ ८ = ४८ गीगाबाइट प्रति सेकंद. पुढच्या वर्षी याच नावाने डीडीआर४ मेमरीचे कार्ड बाजारात आले. तेही २ जीबी, तेही ६४ बिट, पण दर २.१ गीगाबिट. ६४ × २.१ ÷ ८ = १६.८. नाव तेच, जीबी तेवढेच आणि बँडविड्थ जवळजवळ एक तृतीयांश. फरक खोक्यावरच्या बारीक अक्षरांत असतो. अजूनही दुकानांत दिसणाऱ्या जीटी ७१० च्या डीडीआर३ कार्डाची बँडविड्थ तर १४.४ इतकीच आहे.

आता हेच सूत्र तुमच्या मदरबोर्डवरच्या रॅमला लावा. डीडीआर४-३२०० ची एक स्टिक : ६४ × ३.२ ÷ ८ = २५.६. दोन स्टिक ड्युअल चॅनेलमध्ये लावल्या तर ५१.२. तुमच्याकडे रायझेन ५ ५६००जीसारखा अंगभूत ग्राफिक्सचा प्रोसेसर असेल, तर ही मेमरी त्याला प्रोसेसरबरोबर वाटून घ्यावी लागते हे खरे, तरीही जीटी ७१० विकत घेणे म्हणजे पैसे देऊन मागे जाणे आहे. अशा पीसीत एकच स्टिक असेल, तर आधी तशीच दुसरी स्टिक टाका. बजेट फारच कमी असेल, तर यापेक्षा स्वस्त आणि खात्रीची सुधारणा मला माहीत नाही.

जीबीला काहीच अर्थ नाही असे मात्र नाही. गेमचे टेक्स्चर कार्डाच्या मेमरीत मावले नाहीत, तर ते मुख्य रॅममधून पीसीआय एक्स्प्रेसच्या रस्त्याने आणावे लागतात, आणि तो रस्ता अरुंद असतो. जानेवारी २०२२ मध्ये आलेले एएमडीचे आरएक्स ६५०० एक्सटी हे याचे चांगले उदाहरण. ४ जीबी मेमरी, बँडविड्थ १४४ गीगाबाइट प्रति सेकंद. पण कार्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या चारच लेन वापरते. चौथ्या पिढीच्या बोर्डवर या चार लेनमधून सेकंदाला सुमारे ८ गीगाबाइट जातात. तिसऱ्या पिढीच्या बोर्डवर सुमारे ४. मेमरी भरली की १४४ च्या हमरस्त्यावरून तुम्ही ४ च्या बोळात येता आणि गेम अडखळू लागतो. इथे एक खाच आहे. वर सांगितलेला ५६००जी प्रोसेसर तिसऱ्या पिढीपुरताच आहे. बी५५० चा नवा बोर्ड घेतला तरी त्यात फरक पडत नाही. म्हणून आज १०८० पिक्सेलवर नवे गेम खेळण्यासाठी कार्ड घेत असाल, तर ८ जीबीच्या खाली जाऊ नये असे माझे मत आहे. फक्त व्हॅलोरंट किंवा सीएस२ खेळणाऱ्याला ४ जीबीतही चालवून घेता येईल.

कार्ड बदलूनही फरक का पडत नाही

प्रत्येक फ्रेमसाठी दोन कामे होतात. प्रोसेसर गेमचा हिशेब करतो आणि कार्ड चित्र काढते. ही कामे एकामागून एक येणाऱ्या फ्रेमवर समांतर चालतात, त्यामुळे फ्रेमचा वेळ ढोबळमानाने दोघांत जो हळू असेल त्याच्याइतका असतो. समजा, प्रोसेसरला १४ मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला २५. मग २५ मिलिसेकंदांना एक फ्रेम, म्हणजे सेकंदाला ४०. तुम्ही तिप्पट वेगाचे कार्ड आणलेत आणि त्याचा वेळ ८ वर आला. पण प्रोसेसरचे १४ तसेच आहेत, म्हणून फ्रेम सुमारे ७१. हाच प्रोसेसर ठेवून १३ मिलिसेकंदांचे, बरेच स्वस्त कार्ड घेतले असते तरी ७१ च मिळाल्या असत्या.

हे घरी तपासता येते. गेमचे रिझोल्यूशन १०८० वरून ७२० पिक्सेलवर आणा. कार्डाचे काम एकदम कमी होते, कारण १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेलऐवजी ९,२१,६०० च रंगवायचे असतात. फ्रेम वाढल्या तर कार्ड अपुरे आहे. वाढल्याच नाहीत, तर अडचण प्रोसेसरची आहे आणि नवे कार्ड ती सोडवणार नाही.

वॉटचा हिशेब

या भागाकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते आणि खर्च इथेच फुगतो. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. त्यापुढे ६ पिनची केबल आणखी ७५ आणि ८ पिनची १५० वॉट देते. जीटीएक्स १६५० ची बरीच कार्डे ७५ वॉटमध्ये भागतात. आरएक्स ६६०० ला १३२ वॉट लागतात, म्हणजे केबल आलीच.

कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५० लिहिलेले असते. ते वाचू नका. लेबलवरच्या तक्त्यात +१२ व्होल्टचा रकाना पाहा. तिथे १४ अँपिअर असेल, तर १२ × १४ = १६८ वॉट, बस. ६५ वॉटचा प्रोसेसर आणि १३२ वॉटचे कार्ड मिळून १९७ होतात, आणि जोर लावल्यावर प्रोसेसर ६५ च्या वर जातो ते वेगळेच. अशा वेळी पिन जुळवणारा अडॅप्टर लावून काम भागवू नका.

यामुळे किमतीचा क्रमही बदलतो. कल्पित आकडे घेऊ. पहिले कार्ड १४,००० रुपयांचे, ५६ फ्रेम देते : फ्रेममागे २५० रुपये. दुसरे १९,००० चे, ८० फ्रेम देते : सुमारे २३८. दुसरे स्वस्त पडते. पण त्यासाठी ३,५०० चा एसएमपीएस घ्यावा लागला, तर तेच २८१ वर जाते. फ्रेमचे आकडे घेताना तुमच्याच गेमचे घ्या, आणि सरासरीबरोबर 'एक टक्का लो' हा आकडाही पाहा. अडखळणे त्यात दिसते, सरासरीत दिसत नाही.

उष्णतेचाही विचार करा. बंगळुरूच्या खोलीत जे कार्ड ७० अंशांवर राहते, ते नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात राहणार नाही. तिकडच्या मुलांनी एका पंख्याच्या बुटक्या कार्डापेक्षा दोन पंख्यांचे घ्यावे.

जुने कार्ड घ्यायचे असेल तर

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमची व्यवस्था बदलली, ग्राफिक्स कार्डांवरचे त्याचे मायनिंग थांबले आणि जगभर वापरलेली कार्डे विक्रीला आली. मायनिंगचे कार्ड वाईटच असते असे नाही. पंखे आणि थर्मल पॅड झिजलेले असतात, ते बदलता येतात. फसवणूक मात्र वेगळी गोष्ट आहे.

आमच्या एका विद्यार्थ्याने ऑनलाइन जाहिरात पाहून जीटीएक्स १०५० टीआय आणले. पैसे आईच्या भिशीचे होते. गेम सुरूच होईनात, म्हणून तो कार्ड लॅबमध्ये घेऊन आला. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर चालवल्यावर नावाआधी 'फेक' असा शब्द दिसला. आत २०११ च्या जीटीएक्स ५५० टीआयची चिप होती : ७६८ ऐवजी १९२ कोअर, बायोस बदलून नवे नाव दिलेले. खूण बाहेरूनही दिसत होती. कार्डाला निळे व्हीजीए पोर्ट होते, आणि १०५० टीआयच्या पिढीत अॅनालॉग आउटपुट काढून टाकलेले आहे. विकणाऱ्याचा फोन तोवर बंद झाला होता.

आरएक्स ५८० बाबतही डोळे उघडे ठेवा. खऱ्या ५८० मध्ये २,३०४ कोअर असतात. '२०४८ एसपी' म्हणून विकले जाणारे कार्ड आतून ५७० आहे. त्या किमतीला ते वाईट नाही, पण ५८० चे पैसे देऊ नका. शिवाय वय पाहा. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या इंडियाना जोन्सच्या गेमला रे ट्रेसिंगचे हार्डवेअर असलेले कार्डच लागते. ५८० वर तो सुरूच होत नाही.

विकणाऱ्यासमोर कार्ड लावून जीपीयू-झेड पाहा, मग फरमार्क किंवा एखादा जड गेम वीस मिनिटे चालवा. पडद्यावर ठिपके किंवा रंगीत चौकोन येतात का, तापमान कुठे स्थिरावते, पंखा खरखरतो का, हे बघा. वीस मिनिटे द्यायला नकार मिळाला, तर व्यवहार करू नका. नवे कार्ड घेत असाल, तर सीरियल नंबर लिहिलेले जीएसटीचे बिल मागा. १८ टक्के वाचवायला "बिल नको" म्हणालात, तर वॉरंटीच्या वेळी तुमच्या हातात फक्त खोके असेल.