टेबलावरचे जंक्शन
मॉडेल बनवण्याचा छंद: त्यातली गंमत, त्यातली कटकट

ईद झाली की मुलांकडे ईदी जमते. मामूंनी दिलेली, खालांनी दिलेली, दादीने रुमालाच्या गाठीतून काढून दिलेली. चार-आठ दिवसांनी ती कुठे गेली विचारले तर उत्तर मिळत नाही. हल्ली बराचसा पैसा मोबाईलच्या रिचार्जमध्ये आणि गेममध्ये जातो. अशात एखादा मुलगा किंवा मुलगी "मला मॉडेल किट हवंय" म्हणते, तेव्हा आई-वडील गोंधळतात. हे खेळणे आहे की अभ्यासाची वस्तू? एवढ्याशा खोक्याला इतके पैसे? आणि तुटले तर?

प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे शोधण्यासाठीच हा लेख.

किट म्हणजे काय?

खऱ्या विमानाची, जहाजाची, मोटारीची किंवा इमारतीची ठरलेल्या प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती म्हणजे स्केल मॉडेल. किटच्या खोक्यात ती तयार नसते. प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले पन्नास, शंभर, कधी तीनशे सुटे भाग असतात, सोबत एक नकाशा. भाग कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे आणि शेवटी पाण्यात भिजवून सोडवायची नक्षी व आकडे चिकटवायचे.

1:72 हे प्रमाण विमानांसाठी फार चालते. यात सहा फुटी माणूस बरोबर एक इंच उंचीचा होतो. इंग्लंडची एअरफिक्स ही कंपनी 1939 साली सुरू झाली. तिच्या मॉडेलांची सुरुवात 1949 साली एका ट्रॅक्टरने झाली. तो ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीच्या जाहिरातीसाठी तयार केला होता. जपानची तामिया मुळात लाकडाच्या वखारीतून उभी राहिली आणि 1960 साली प्लास्टिककडे वळली. तिने रणगाड्यांसाठी रूढ केलेल्या 1:35 या प्रमाणाची गोष्ट मजेशीर आहे. आत मोटार आणि बॅटरी बसावी एवढा रणगाडा केला, मग मोजले तर ते प्रमाण 1:35 निघाले!

हा छंद परक्यांचा आहे असे मात्र समजू नये. दियारबकरच्या दरबारात काम करणाऱ्या अल-जझरी यांनी 1206 साली यंत्रांवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ पूर्ण केला. यंत्राची रचना पक्की करण्यासाठी ते आधी कागदाचे नमुने करून पाहत. 1582 साली इस्तंबूलला झालेल्या शाही सोहळ्याच्या मिरवणुकीत कारागिरांनी सुलेमानिया मशिदीची भली मोठी प्रतिकृती वाहून नेली. तिचे चित्र त्या काळच्या हस्तलिखितात आजही पाहायला मिळते. आपल्याकडे मराठवाड्यात बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद यांतून ताबूत बांधणाऱ्यांच्या हातांतही हीच कला होती. कामटी कुठे वाकते, कागद कुठे फाटतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

मुदखेडच्या मुलाला मुदखेडची गाडी हवी

मुदखेड म्हटले की दोन गोष्टी आठवतात, फुले आणि जंक्शन. नांदेडहून वीस-बावीस किलोमीटरवरच्या या गावात एक फाटा उमरी, धर्माबाद, निजामाबादकडे जातो आणि दुसरा भोकर, किनवट, आदिलाबादकडे. इथल्या मुलाच्या कानावर लहानपणापासून देवगिरी आणि नंदिग्राम ही नावे पडतात. साहजिकच त्याला बनवायची असते ती याच रुळांवरून धावणारी गाडी.

आणि इथेच पहिली निराशा होते. दुकानात, ऑनलाईन, कुठेही शोधा, दुसऱ्या महायुद्धातली विमाने मिळतील, जर्मन रणगाडे मिळतील, जपानी मोटारी मिळतील. आपल्या आयसीएफ डब्याचे प्लास्टिक किट सहज मिळत नाही.

दुसरी अडचण मोजमापाची. जगात मॉडेल रेल्वेसाठी सर्वांत जास्त चालणारे प्रमाण 1:87 आहे आणि त्याचे रूळ 16.5 मिलीमीटर रुंदीचे. युरोपातल्या 1435 मिलीमीटरच्या रुळांना ते बरोबर बसते. पण आपला ब्रॉडगेज 1676 मिलीमीटरचा. 87 ने भागले तर सव्वाएकोणीस मिलीमीटर येतात. म्हणजे बाजारातल्या तयार रुळांवर आपली गाडी ठेवली की डबा रुंद आणि चाके जवळजवळ, असे काहीसे विचित्र दिसते. भारतीय गाड्या बनवणाऱ्याला एक तर ही खोट डोळ्याआड करावी लागते, नाहीतर रूळसुद्धा स्वतः बनवावे लागतात.

तिसरी अडचण पैशाची. फेब्रुवारी 2020 मध्ये खेळण्यांवरचे आयातशुल्क 20 वरून 60 टक्के झाले आणि 2023 मध्ये 70 टक्के. छंदाची स्केल मॉडेल्स याच गटात मोडतात. गंमत अशी की गेल्या काही वर्षांत एअरफिक्सच्या कितीतरी खोक्यांवर 'भारतात तयार' असे छापलेले असते. वस्तू इथे बनते, तरी आपल्या गावातल्या दुकानात ती दिसत नाही.

लग्नपत्रिकांतून डबा

मग करायचे काय? कागद आणि पुठ्ठा. घरात आलेल्या जाड लग्नपत्रिका रद्दीत देऊ नका, मॉडेलसाठी त्याहून चांगला कागद विकतही मिळणार नाही.

आयसीएफ डब्याच्या सांगाड्याची लांबी 21.337 मीटर आणि रुंदी 3.245 मीटर. रुळापासून उंची साधारण 4.02 मीटर. 87 ने भागा: लांबी साडेचोवीस सेंटीमीटर, रुंदी 3.7, उंची 4.6. नवा लाल एलएचबी डबा 23.54 मीटरचा, म्हणजे कागदावर 27 सेंटीमीटर. दोन्ही ए-फोर कागदावर आडवे मावतात. चाकाचा व्यास 915 मिलीमीटर, म्हणजे साडेदहा मिलीमीटर. शर्टाचे साधे बटण जवळपास तेवढेच असते. रुळांखालची 50-60 मिलीमीटरची खडी या प्रमाणात अर्ध्या-पाऊण मिलीमीटरची होते, म्हणजे जाड रव्याच्या कणाएवढी. चाळलेली वाळू पातळ फेविकॉलवर भुरभुरली की रूळमार्ग तयार. चहाचा वाळवलेला चोथा मातीसाठी, खराट्याचे हीर पाईप आणि दांड्यांसाठी.

सहावी-सातवीचे मूल हा भागाकार वहीत करते तेव्हा कंटाळते. स्वतःच्या डब्यासाठी तोच भागाकार ते तीनदा तपासून पाहते, कारण इथे एक मिलीमीटर चुकला तर खऱ्या डब्यात जवळजवळ नऊ सेंटीमीटरची चूक होते आणि दार खिडकीवर येते. गुणोत्तर आणि प्रमाण हा धडा यापेक्षा चांगला शिकवता येणे कठीण.

एकच गोष्ट आधी सांगून ठेवावी: पूर्ण गाडी करायला घेऊ नका. चोवीस डब्यांची एलएचबी गाडी 1:87 मध्ये साडेसहा मीटरच्या वर जाते. एवढी लांब खोली आपल्यापैकी किती घरांत आहे? एक इंजिन आणि दोन डबे पुरेत. जाणकार मॉडेलकारही स्टेशन असेच आखडून बनवतात.

मोठे काम पाहायची इच्छा असेल तर पुण्याला कर्वे रोडजवळचे जोशी यांचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय मुलांना जरूर दाखवावे. भाऊसाहेब जोशी यांनी छंदातून उभे केलेले हे संग्रहालय 1 एप्रिल 1998 पासून लोकांसाठी खुले आहे. सिग्नल, पूल, सर्कस, रस्ते, दिवे आणि त्यांतून धावणाऱ्या गाड्या पाहताना मोठ्यांनाही वेळेचे भान राहत नाही.

कटकटी, आणि त्यांवर इलाज

या छंदात चिडचिड फार होते. ती आधीच माहीत असली तर मूल अर्ध्यात सोडत नाही.

भाग हरवतो. कापताना तो टणकन उडतो आणि सतरंजीखाली, कपाटामागे जातो. यावर उपाय असा की चौकट पारदर्शक पिशवीत धरून पिशवीतच कापावी. खाली पांढरी चादर अंथरली तर अर्धे भाग लगेच सापडतात. नेलकटरने दोनदा कापावे, आधी लांबून, मग जवळून.

डिंक घात करतो. प्लास्टिकच्या किटचा खास डिंक प्लास्टिक विरघळवून जोडतो. तो बोटाला लागला आणि बोट विमानाला लागले की पंखावर अंगठ्याचा ठसा कायमचा उमटतो. फेविक्विक काचेच्या भागाजवळ लावले तर काच पांढुरकी होते, पावसाळ्याच्या दमट हवेत जास्तच. खिडक्या आणि काचांना साधे फेविकॉल लावावे. ते वाळल्यावर पारदर्शक होते.

मराठवाड्याचा उन्हाळाही परीक्षा पाहतो. मे महिन्यात पाण्याचा रंग ब्रशवरच वाळतो. पंखा लावावा तर कागद उडतो, बंद करावा तर घाम कामावर टपकतो. म्हणून रंगाचे काम फज्रनंतर किंवा मगरिबनंतर करावे. रंगात थेंबभर पाणी जास्त घालावे आणि दाट हात देण्याऐवजी पातळ तीन हात द्यावेत. सांधा दिसत असेल तर लोहारकाम किंवा सुतारकाम करणाऱ्यांची जुनी रीत वापरावी: लांबी भरा, वाळू द्या, पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासा, अस्तर द्या, मग रंग.

सर्वांत मोठी कटकट घाईची. आज जोडलेला सांधा उद्यापर्यंत हलवायचा नाही, हे दहा वर्षांच्या मुलाला पटत नाही. ते हलवते, सांधा वाकडा होतो, रडारड होते. अशा वेळी "तुझ्याने होणार नाही" म्हणू नये आणि त्याच्या हातातून घेऊन स्वतः पूर्णही करू नये. वाकडा डबा तसाच राहू द्यावा. पुढचा सरळ होतो. सब्र हा शब्द आपण मुलांना रोज ऐकवतो, पण त्याचा सराव करायला जागा क्वचितच देतो. ओल्या डिंकापाशी थांबणे हा छोटासा सरावच आहे.

घरच्यांनी पाहायच्या गोष्टी

कटर आणि ब्लेडचे काम दहा-बारा वर्षांखालच्या मुलाने मोठ्यांसमोरच करावे. थिनर आणि प्लास्टिकचा डिंक खिडकी उघडी ठेवून वापरावा, चुलीजवळ मुळीच नाही. रांगते बाळ घरात असेल तर काम झाल्यावर लगेच डबा बंद, कारण छोटे भाग बाळ तोंडात घालते.

काही घरांत माणसांच्या आणि प्राण्यांच्या प्रतिमा ठेवत नाहीत. किटमध्ये वैमानिक किंवा सैनिकांचे पुतळे असतील तर ते न जोडताही मॉडेल पूर्ण होते. गाड्या, पूल, जहाजे, किल्ले, इमारती यांत आयुष्य पुरेल एवढे काम आहे. कंधारचा किल्ला आपल्याच जिल्ह्यात आहे आणि बीबी का मकबरा काही तासांच्या वाटेवर.

आणि हा छंद मुलग्यांचाच असे समजू नये. ज्या बोटांना मेंदीच्या कोनातून केसासारखी बारीक रेघ काढता येते, त्या बोटांना डब्यावरची पांढरी पट्टी ओढणे अवघड नाही. आपा रंगवते आणि धाकटा जोडतो, अशी वाटणी केली तर भांडणेही कमी होतात.

दादांना विचारा

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मनमाड ते सिकंदराबाद हा आपला मार्ग निजामाच्या काळात, 1900 च्या आसपास, मीटरगेजवर सुरू झाला. जवळजवळ नव्वद वर्षे या भागाने फक्त एक मीटर रुंदीच्या रुळांवरच्या गाड्या पाहिल्या. 1990 च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज आला आणि ते रूळ उखडले गेले. प्रवाशांची सोय झाली, यात शंका नाही. पण वायपी, वायजी ही वाफेची इंजिने, नंतरची वायडीएम-4, तो विटकरी रंगाचा डबा, हे आजच्या मुलांनी पाहिलेले नाही.

मुदखेड, नांदेड, पूर्णा या गावांत अशी कितीतरी घरे आहेत जिथे दादा किंवा नाना रेल्वेत होते. कुणी फायरमन, कुणी पॉइंट्समन, कुणी गँगमध्ये. कोळसा कुठे भरत, पाण्याचा नळ फलाटाच्या कोणत्या टोकाला होता, कंदील कसा दाखवत, हे त्यांना माहीत आहे. बहुतेक घरांत त्या स्टेशनचा एकही फोटो नाही. हा सगळा तपशील त्यांच्या आठवणीत आहे आणि आठवण कायम राहत नाही.

म्हणून मुलाने पुठ्ठ्याचे स्टेशन करायला घेतले की पहिला नकाशा दादांकडून काढून घ्यावा. "दादा, टाकी इकडे होती की तिकडे?" एवढा एक प्रश्न पुरतो. एरवी तासन्‌तास गप्प बसणारा माणूस हातात पेन्सिल घेतो, रेघ मारतो, पुसतो, पुन्हा मारतो, आणि मग सांगायला लागतो. मुलगा लिहून घेतो. 1:87 मध्ये मीटरगेजचा रूळ साडेअकरा मिलीमीटरचा होतो, तोही घरीच बनवावा लागेल. वाकडा झाला तरी चालेल. टाकी मात्र दादांनी दाखवली त्याच टोकाला बसवा, आणि तळाच्या पुठ्ठ्यावर त्यांचे नाव आणि आजची तारीख लिहून ठेवा.