गरम झाल्यावर वाढणारं इंजिन

जुन्या फोक्सवॅगन बीटलचं इंजिन उतरवणं हे मोटारींच्या दुनियेतलं बहुधा सगळ्यांत सोपं मोठं काम असावं. बॅटरीची वायर सोडायची, ॲक्सिलरेटरची केबल, पेट्रोलची नळी आणि हीटरचे पाइप काढायचे. गिअरबॉक्सला इंजिन धरून ठेवणारे बोल्ट चारच. ते निघाले की जॅकवर इंजिन थोडं मागे ओढायचं आणि खाली घ्यायचं. वजन शंभर किलोच्या आसपास, म्हणजे दोन दणकट माणसांना टेबलावर ठेवता येईल इतकं. अमेरिकेत १९६९ साली जॉन म्युर नावाच्या इंजिनिअरने बीटल जिवंत कशी ठेवावी यावर एक पुस्तक काढलं. ज्यांनी जन्मात पाना हातात धरलेला नाही अशांसाठीच ते लिहिलेलं होतं. ते शेजारी उघडं ठेवून, तेलकट बोटांनी पानं उलटत, कितीतरी लोकांनी आपापल्या गॅरेजात ही इंजिनं खोलली आणि पुन्हा बांधलीही.

टेबलावर ठेवलेलं हे इंजिन पहिल्यांदा पाहणारा माणूस ‘ब्लॉक’ शोधत बसतो. तो मुळात नाहीच. नेहमीच्या मोटारीत चार सिलिंडर एकाच जाड ओतीव ठोकळ्यात कोरलेले असतात आणि त्यांच्याभोवती पाणी खेळत असतं. इथे मधोमध मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा एक पोकळ डबा आहे, उभा चिरून दोन भाग केलेला. त्याच्या दोन्ही कुशींत दोन-दोन भोकं. प्रत्येक भोकात बिडाचा एक सुटा सिलिंडर नुसता सरकवलेला, बाहेरून पातळ चकत्यांचे थर असलेला. दोन सिलिंडरांवर मिळून ॲल्युमिनियमचं एक हेड. आणि हे सगळं आवळून धरतात ते डब्यात रोवलेले लांब पोलादी स्टड. डब्याच्या दोन भागांमध्ये गॅस्केट नाही, हेड आणि सिलिंडर यांच्यामध्येही नाही. धातूवर धातू, बस्स. डब्याच्या सांध्याला सीलंटचा पातळ हात फिरवतात तेवढाच. तिथे कागदाची गॅस्केट घातली असती तर क्रँकशाफ्टच्या बेअरिंगची भोकं कागदाच्या जाडीएवढी लांबोळकी झाली असती.

मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, बीड, पोलाद. चार धातू, आणि गरम झाल्यावर वाढण्याची प्रत्येकाची रीत वेगळी. तेवढ्याच तापमानाला मॅग्नेशियम पोलादाच्या दुपटीहून जास्त वाढतं. ॲल्युमिनियम जवळजवळ दुप्पट. थंड पाण्याचं वेष्टण नसल्यामुळे या इंजिनाचं अंग पाण्याच्या इंजिनापेक्षा जास्त तापतं. म्हणजे सकाळी थंड असताना तुम्ही जे माप घेता, ते गाडी घाट चढत असतानाचं माप नव्हेच. ते अर्ध्या तासाने कुठे जाऊन बसणार आहे, याचा अंदाज धरून थंडपणी जागा सोडायची असते. मला विचाराल तर या इंजिनाची सगळी गंमत इथे आहे.

टॅपेटचंच घ्या. व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यामध्ये थंड इंजिनात ०.१५ मिमी फट ठेवायची, फीलर गेजची पाती जेमतेम सरकेल इतकी. कॅमशाफ्ट खाली डब्यात, व्हॉल्व्ह लांब हेडमध्ये. दोघांना जोडणारी पुशरॉड सुमारे २८ सेंटिमीटर लांब. इंजिन तापलं की सिलिंडर आणि हेड बाहेरच्या बाजूला वाढतात, हेड कॅमपासून दूर जातं आणि पुशरॉड तोकडी पडू लागते. म्हणून कारखान्याने ही पुशरॉड ॲल्युमिनियमच्या नळीची केली, टोकांना पोलादी टोप्या घालून. इंजिनाबरोबर तीही वाढते. ८० अंश तापमान वाढलं तर ॲल्युमिनियमची ही नळी साधारण अर्धा मिलिमीटर लांब होते. पोलादाची केली तर पाव मिलिमीटरच. आता इंजिनाची ताकद वाढवणारे लोक जास्त वेग सोसावा म्हणून पोलादी पुशरॉड घालतात. पण मग ०.१५ ची फट ठेवून चालत नाही, गरम झाल्यावर ती वाढून टॅपेट खडखडू लागतात. त्यामुळे असं इंजिन थंड असताना फट शून्यावर ठेवतात, पुशरॉड दोन बोटांनी जेमतेम फिरेल इतपत. धातू बदलला आणि पुस्तकातला आकडा बाद झाला.

बांधताना हीच उष्णता कामालाही येते. क्रँकशाफ्टवर कॅमला फिरवणारं दातेरी चक्र इतकं घट्ट बसतं की थंडपणी हातोड्याने ठोकलं तर दातच जायचे. ते गरम करतात. बरेच जण सरळ घरच्या ओव्हनमध्ये ठेवतात, आणि घरात त्यावरून काय बोलणं होत असेल ते वेगळं सांगायला नको. मग जाड हातमोजे घालून ते उचलायचं, खाचेतली किल्ली नीट धरायची आणि एका दमात सरकवायचं. बैलगाडीच्या चाकावर लोहार तापवलेली धाव चढवतो तसंच हे. चक्र निवलं की क्रँकला जी मिठी मारतं ती सुटत नाही. हात अर्ध्यावर थबकला तर चक्रही अर्ध्यावरच बसतं आणि मग पुलर शोधत फिरावं लागतं.

डब्याचे दोन भाग जोडण्याचा क्षण मात्र थोडा धाकधुकीचा. एका भागात क्रँक आणि कॅम मांडलेले असतात. दुसरा भाग पालथा घालून त्यावर बसवायचा, आणि त्यातले टॅपेट खाली गळून पडू नयेत म्हणून ग्रीस लावून चिकटवायचे. आठ व्हॉल्व्ह असले तरी कॅमशाफ्टवर उंचवटे चारच असतात. इंजिन दोन्ही बाजूंना आडवं पसरलेलं असल्यामुळे एकच उंचवटा समोरासमोरच्या दोन टॅपेटांना आळीपाळीने ढकलतो. भाग बसला की नट थोडे आवळायचे, क्रँक हाताने फिरवून पाहायची, पुन्हा आवळायचे, पुन्हा फिरवायची. एखादं बेअरिंग आपल्या पिनेवर बसलं नसेल तर क्रँक जड होते. तेव्हा नट आणखी आवळू नयेत, मुकाट्याने सगळं उघडावं.

नटांचेही नखरे आहेत. फ्लायव्हील क्रँकला धरून ठेवतो तो एकच नट. त्याला सुमारे ३० किलोग्रॅम-मीटर टॉर्क द्यावा लागतो, म्हणजे मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला ३० किलो टांगल्यासारखं. याच्या उलट हेडचे स्टड. सुरुवातीला ते १० मिमी जाड होते. इंजिन तापलं की हेड आणि डबा पोलादापेक्षा जास्त वाढायचे, जाड स्टड ताणला जायला तयार नसायचा आणि शेवटी मऊ मॅग्नेशियममधले आटे उपसून यायचे. कोणालाही वाटेल, स्टड आणखी जाड करा. सत्तरच्या दशकात कारखान्याने तो बारीक करून ८ मिमीचा केला. बारीक स्टड गरमीत किंचित ताणला जातो आणि निवल्यावर परत येतो. डब्यात त्यासाठी पोलादी आट्यांच्या बाह्या बसवल्या. हे मला फार आवडतं.

आता ताकद वाढवण्याचं. मुळात हे इंजिन ताकदीसाठी नव्हतंच. फ्रान्झ क्साव्हर राइमश्पीस या ऑस्ट्रियन इंजिनिअरने तीसच्या दशकात ते आखलं तेव्हा ते ९८५ सीसीचं होतं. महायुद्धानंतर ११३१ सीसीचं झालं, ताकद २५ अश्वशक्ती. कार्ब्युरेटर लहान, हवेच्या वाटा अरुंद. कितीही दाबा, इंजिन आपल्या थंड होण्याच्या कुवतीबाहेर जाऊच शकत नव्हतं, त्यामुळे ते दिवसभर पूर्ण वेगाने पळवलं तरी चालायचं. पुढे १२००, १३००, १५०० आणि १६०० सीसीची इंजिनं आली, पण हा अरुंद गळा थोडाफार राहिलाच. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी तो मोकळा करायचं मनावर घेतलं. जो व्हिटोनी यांच्या ‘एम्पी’ कंपनीने त्यासाठी सुटे भाग विकायला सुरुवात केली. ब्रूस मेयर्स यांनी बीटलच्या सांगाड्यावर फायबरग्लासची ‘मँक्स’ बग्गी बनवली आणि १९६७ च्या पहिल्या ‘मेक्सिकन १०००’ शर्यतीत मेक्सिकोतल्या बाहाच्या वाळवंटातून ती २७ तास ३८ मिनिटांत पहिली आली.

घरच्या घरी सर्वांत लोकप्रिय बदल म्हणजे १६०० सीसीच्या इंजिनात ८५.५ मिमीच्या जागी ९०.५ मिमी व्यासाचे सिलिंडर-पिस्टन. पिस्टनची चाल तीच, ६९ मिमी. हिशेब केला तर १५८४ चे १७७५ सीसी होतात. बाजारात याला ‘१७७६’ म्हणतात. डबा आणि हेड यांची भोकं लेथवाल्याकडून मोठी करून घ्यावी लागतात, बाकी सगळं घरी. मग हेडच्या पोकळीत किती सीसी मावतात ते मोजायला ब्युरेट येते, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतली. हेड उताणं ठेवायचं, कडेला ग्रीस लावून वर भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी दाबायची आणि रंगीत स्पिरिट थेंब थेंब सोडायचं, शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत. समजा ५२ सीसी भरलं. पिस्टन अगदी वर आला की सिलिंडरच्या कडेपासून तो १.३ मिमी खाली राहतो असं धरू. तर कॉम्प्रेशन रेशो ८.३५ येतो. सिलिंडरखालची शिम ०.३ मिमीने पातळ केली की तोच ८.६ होतो. नखाच्या जाडीएवढ्या पत्र्याने इंजिनाचा स्वभाव बदलतो: रेशो जास्त म्हणजे ताकद जास्त, पण हेड जास्त तापणार आणि हलक्या पेट्रोलवर खटखट सुरू होणार.

या वाढीव तापाला न्यायला हवाच आहे, आणि थोडं तेल. अडीच लिटर तेल फिरता फिरता बरीच उष्णता उचलतं आणि कूलरमध्ये सोडतं. हवा मात्र आपसूक लागत नाही. पंखा ती पत्र्याच्या घुमटात दाबतो आणि पत्र्याचे तुकडे तिला सिलिंडरांच्या चकत्यांमधून नेतात. आकुर्डीच्या चेतक स्कूटरचं बाजूचं झाकण काढून ज्यांनी पंखा आणि त्यावरचा काळा पत्रा पाहिला आहे, त्यांना हे नवीन नाही. अनेक जण बीटलचं इंजिन बांधताना हे पत्रे ‘उगाच वजन’ म्हणून बाजूला ठेवतात, आणि इंजिन पकडलं की तेलाला दोष देतात. कारखान्यालाही हवेची वाट चुकली होती. तेलाचा कूलर घुमटाच्या आत, नेमका तिसऱ्या सिलिंडरच्या वर होता. त्यामुळे त्या सिलिंडरला अडलेली आणि आधीच गरम झालेली हवा मिळायची. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला की मेकॅनिक आधी तिसरा पाहायचा. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाहेर काढून त्याला हवेची स्वतंत्र वाट दिली. जुनं इंजिन वाढवणाऱ्याने इतर कशाहीआधी हा नंतरचा घुमट मिळवावा.

इंजिन पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा ते आयडलवर ठेवत नाहीत. नव्या कॅमला तेल क्रँकच्या शिंतोड्यांतून मिळतं, म्हणून पहिली वीसेक मिनिटं २००० आरपीएमच्या वर धरायची. मग तेल बदलायचं, रात्रभर थंड होऊ द्यायचं आणि टॅपेट पुन्हा पाहायचे. रस्त्यावर आल्यावर लक्ष डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याकडे. तो डायनॅमोचा दिवा आहे, पण पंखा डायनॅमोच्याच शाफ्टवर बसवलेला असतो आणि दोघांना फिरवणारा पट्टा एकच. दुसऱ्या गाडीत हा दिवा लागला तर बॅटरीच्या भरवशावर घरापर्यंत जाता येतं. इथे तो लागला की पट्टा तुटला असं धरून गाडी तिथेच बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. सुटा पट्टा आणि एक पाना गाडीत असेल तर दहा-पंधरा मिनिटांचं काम.